हळदीचा अंगठा

"पासवर्ड नवऱ्यालाही सांगायचा नाही," असं अमरावतीच्या मुख्य ऑफिसातून आलेल्या माणसानं आम्हाला बजावलं होतं. मला तेव्हा नवरा नव्हता. पासवर्ड फक्त साहेबांना ठाऊक होता. अकोल्याच्या आमच्या पतसंस्थेत कामाचा रेटाच असा, की कोण कोणाच्या नावानं कॉम्प्युटर चालवतंय हे विचारायला कोणाला फुरसत नसे. मग अंगठ्याची मशीन आली आणि मी अडकले. कर्ज मंजूर करायला माझा अंगठा लागे, म्हणून दोन वर्षं मला धड रजा मिळाली नाही. लग्नालासुद्धा साहेबांनी चारच दिवस दिले, तेही उपकार केल्यासारखे.

पातूरला आमच्या मांडवात मला हळद लागली आणि फाटकातून साहेब आत आले. खांद्याला लॅपटॉप, हातात मशीन, तोंड उतरलेलं. महिनाअखेर होती आणि टार्गेट वरून अचानक वाढवलं होतं.

"मॅडम, फक्त अंगठा."

दिला. मशीननं ओळखला नाही. लिंबानं घासला, बेसनानं घासला, मामीनं तर भांड्याच्या घासणीनं घासला. मशीन ढिम्म.

"मग ऑफिसात चला, तिथली मशीन चांगली आहे. लगेच आणून सोडतो."

साहेबांना नाही म्हणायची मला सवयच नव्हती. मोठी आत्या मात्र आडवी उभी राहिली.

"हयद लागलेली पोरगी मांडवाबाहेर पाय नाई टाकत. अन् बिघडली असन तुमचीच मशीन! सोताचा अंगठा लावून पाहा बरं."

तिची समजूत काढायला साहेबांनी लावला. टुंग वाजलं. पडद्यावर माझं नाव, माझा फोटो, खाली 'स्वागत आहे'.

साहेबांनी कपाळावर हात मारला. मशीन नवी असताना मी तापानं पडले होते. तेव्हा काम अडू नये म्हणून त्यांनी माझ्या नावावर आपलाही अंगठा नोंदवला होता, आणि पुढे टार्गेटच्या धबडग्यात विसरले होते. म्हणजे माझ्या सगळ्या रजा ज्यानं खाल्ल्या, तो अंगठा साहेबांच्याच हाताला होता! मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

आत्यानं हळदीची वाटी उचलली. "तुमीच आमची पोरगी असान, तं हयद बी तुमीच लावून घ्या!" तिनं त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखले. बायका हसून हसून लोळल्या. साहेबही ओशाळं हसले, जेवले, आणि राहिलेलं काम ऑफिसात करतो म्हणत अकोल्याला गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, मशीन आता मलाही ओळखत नाही. ही हळद निघते कशानं?"

"निघत नाही, साहेब. म्हणूनच तर लावतात," मी म्हटलं, आणि फोन बंद करून आत्याच्या हातात दिला.