श्रीनगरचा नंबर

गजाननराव कोठाळे हवाई दलातून निवृत्त झाले आणि चंडीगडलाच, मनीमाजऱ्यात आमच्या शेजारी राहिले. जन्मभर विमानं दुरुस्त केलेला माणूस. घरात कुणा मेकॅनिकला पाऊल ठेवू देत नाहीत. हा त्यांचा ताठा मला कधीच आवडला नाही.

त्यांची बायको स्मिता गेली. मुलगी हिमानी बंगळुरूला असते. मराठी कळतं, बोलते हिंदीत. पण ती लहान असताना स्मिता तिला निजवताना गोष्ट सांगायची आणि ही मराठीत शंका काढायची, त्याचं रेकॉर्डिंग गजाननरावांच्या कॉम्प्युटरवर होतं. हिमानीला आता दिवस गेलेत. बाळाला ऐकवायला तिला ते हवं होतं.

चहा होईपर्यंत पाठवून झालं असतं. पण कॉम्प्युटर रखडत होता, म्हणून आधी त्याला नवी डिस्क, मग बाकी सगळं, अशी त्यांची शिस्त. कॉम्प्युटरला नवी डिस्क दिसेना, कारण त्याचा डिस्क वाचायचा मोड 'रेड' (RAID) या पद्धतीचा होता. तो बदलून 'एएचसीआय' या दुसऱ्या पद्धतीचा करायला हवा. त्यासाठी विंडोज नव्याने टाकावी लागत नाही. आधी विंडोजला सेफ मोड लावायचा, मग डिस्कचा मोड बदलायचा. त्यांनी सगळं नियमाने केलं. रेकॉर्डिंग होतं त्या जुन्या डिस्कला विंडोजने आपणहून कुलूप घातलंय, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. मोड बदलताच पडद्यावर त्या कुलपाच्या किल्लीचा लांबलचक आकडा मागितला गेला. घाबरून त्यांनी कॉम्प्युटरची सुरक्षेची सेटिंगही पुसली, आणि तिच्यातली किल्लीही पुसली गेली. मग जुना मोड परत लावूनही कुलूप उघडेना.

किल्लीची प्रत आता फक्त त्यांच्या ऑनलाइन खात्यात होती आणि खात्याचा ओटीपी श्रीनगरला बदली असतानाच्या जुन्या नंबरवर जात होता. बदलीवाल्यांची रीतच ही. नवं गाव, नवा दूधवाला, नवं सिम. खात्यातला नंबर बदलायचं कुणाच्या लक्षात राहतं?

माझ्यासमोर त्यांनी तो नंबर लावला. तो आता दुसऱ्याच कुणाला मिळाला होता; एका बाईने उचलला.

"बहनजी, आपके फोन पे एक ओटीपी आएगा, बस वो बता दीजिए."

"शर्म नहीं आती?" म्हणून तिने फोन ठेवला. पुन्हा लागलाच नाही. तिचं तरी काय चुकलं? मला मात्र गजाननरावांकडे बघवेना.

संध्याकाळी हिमानीचा फोन आला. त्यांनी खरं ते सांगितलं.

"कोई बात नहीं, पापा. आप ही सुना दो, जैसे मम्मी सुनाती थी."

गोष्ट त्यांना पाठ होती. त्यांनी सुरुवातही केली आणि दुसऱ्याच वाक्याला थांबले.

"हिमू," ते म्हणाले, "मला तिचा आवाज आठवत नाहीये गं."