रुद्राणीची बोली अडली तेव्हा

बायकांना स्कूटर शिकवणारी म्हणून रुद्राणीला राजारामपुरीत सगळे ओळखत. शाळेच्या रिक्षांची गर्दी ओसरली की ती शिकणारीला पुढं बसवायची, आपण मागं बसायची आणि गाडी थेट गल्लीत घालायला लावायची. मैदानात शिकवणं तिला पटत नसे.

"मैदानात कुत्रं आडवं येत न्हाय, म्हातारा आडवा येत न्हाय. तिथं शिकून करणार काय?"

जन्मभर कुणाच्या तरी मागं बसलेल्या बायका तिच्या हाताखालून निघाल्या की एकट्या बाजाराला जायला लागत.

तिचं माहेर कुरुंदवाडचं. घरात कानडी, दारात मराठी. लग्नानंतर कोल्हापुरात कानडी उरलं ते थोरल्या बहिणीशी, आक्काशी, फोनवर बोलण्यापुरतं. नवरा सोमशेखर वारल्यापासून घरात ती आणि मुलगी सौंदर्या, दोघीच. सौंदर्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. तिला कानडी येत नव्हतं.

रुद्राणीच्या हृदयाचे ठोके मागंपुढं पडतात म्हणून डॉक्टरांनी तिला रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती. गोळीनं दंडावर निळे डाग उठायला लागले, तशी तिनं ती बंद केली. कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर एकदा वर्षाराणी नावाची शेजारीण गाडी शिकत होती. चौक आला. रुद्राणी मागून "डावीकडं" म्हणायला गेली आणि तोंडातून आलं, "वाटीकडं."

"कुठली वाटी, काकू?" वर्षाराणी हसली.

रुद्राणीनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वाटीच आली. उजव्या हातातली पाण्याची बाटली सुटून रस्त्यावर घरंगळत गेली. वर्षाराणीनं गाडी कडेला घेतली. थोड्या वेळानं बोलणं आपसूक ताळ्यावर आलं.

"दवाखान्यात जाऊया का?"

"काय न्हाय. ऊन लागलं असंल. सौंदर्याला सांगू नकोस."

त्या दिवशी ऊन नव्हतं. आभाळ भरून आलेलं होतं. पण वर्षाराणीनं शब्द पाळला.

पुढच्या आठवड्यात, सकाळी चहा उकळत असताना सौंदर्यानं आईला काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली तर चहा उतू जात होता आणि रुद्राणी समोर उभी राहून नुसती बघत होती. तोंड वाकडं झालेलं नव्हतं, पाय नीट होते. फक्त बोलणं आवाजांचा गुंता झालेलं होतं. तिला ते कळत असावं, कारण तिच्या डोळ्यांत भीती होती. सौंदर्यानं गॅस बंद केला, आईला धरून खाली आणलं आणि मिळाली ती रिक्षा थांबवली.

दवाखान्यात मेंदूचे आणि मानेपासूनच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचे होते. गळ्यातलं काढा, नर्स म्हणाली. गळ्यात इष्टलिंग होतं, लहानपणी बांधलेलं. रुद्राणीनं ते डाव्या मुठीत आवळून धरलं. सौंदर्यानं एकेक बोट सोडवलं. आईची बोटं आपण बळानं उघडतोय, या जाणिवेनं तिला गलबलून आलं.

रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं गेलं. मग मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम करणारे डॉक्टर उदयसिंह बाहेर आले.

"मोठी रक्तवाहिनी बंद असती तर मी तुमच्याशी बोलत बसलोच नसतो, आत गेलो असतो," ते म्हणाले. "ही बारीक आहे, लांबची आहे. मांडीतून नळी घालून तिथवर पोचता येतं, जाळीनं गाठ ओढून काढता येते. पण तिची भिंत पातळ असते. ओढताना फाटली तर रक्तस्राव. आणि इतक्या बारीक रक्तवाहिनीत नुसत्या औषधापेक्षा यानं जास्त फायदा होतो, असं मोठ्या अभ्यासांत अजून दिसलेलं नाही."

"मग थांबूया?"

"थोडं बघू."

थांबले. तेवढ्यात रुद्राणीचा उजवा हात खाटेवरून लोंबकळायला लागला. उचलून ठेवला तरी घसरायचा. आणि गुंत्यातून एक शब्द स्वच्छ निघाला. "बेडा."

सौंदर्यानं आक्काला फोन लावून तो शब्द ऐकवला.

"बेडा म्हंजे नको," आक्का म्हणाली. "पर काय नको म्हंती ती?"

डॉक्टरांनी पाण्याचा पेला दाखवला. "बेडा." डोळे मिटायला सांगितलं. "बेडा." सौंदर्याकडं बोट करून विचारलं, ही कोण? रुद्राणीनं लेकीकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बेडा."

"हे उत्तर धरता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हात निकामी होत चाललाय, बोलणंही जात चाललंय. आता आत जावं असं मला वाटतं. खात्री देत नाही."

सौंदर्यानं आईला विचारल्यासारखं तिच्याकडं पाहिलं, मग मान हलवली. खाट दाराआड गेली तरी आतून तो शब्द ऐकू येत होता. मग तोही थांबला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता. गाठीचा मोठा तुकडा निघाला होता. उरलेल्या तुकड्यासाठी पुन्हा गेल्यावर रक्तवाहिनी आकसली, म्हणून ते मागं फिरले. नंतरच्या फोटोत मेंदूत रक्ताचा एक लहानसा डाग दिसला. तो वाढतो की राहतो, हे बघत बसण्यापलीकडं काही हातात नव्हतं. आक्का कुरुंदवाडहून आली आणि दोघी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

डाग वाढला नाही. रुद्राणी घरी आली. आधी कानडी परतलं, तेही लहान मुलीचं. आक्का मुक्कामाला राहिली. आई काय मागते हे सौंदर्याला मावशीकडून समजून घ्यावं लागे. मराठी उशिरा आलं, तुकड्यातुकड्यांनी. उजव्या हाताची पकड आलीच नाही, त्यामुळं गाडी शिकवणं सुटलं. आईला आत नेलं नसतं तर काय झालं असतं, असं सौंदर्यानं डॉक्टरांना एकदा विचारलं.

"तुमच्या आईंच्या बाबतीत ते कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले.

ठोके अजून मागंपुढं पडतातच. गोळी आता सौंदर्या समोर उभी राहून देते. वर्षाराणीनं चौकातला तो प्रकार तिला रडत रडत सांगितला, तेव्हापासून घरातली शांतता तिला सहन होत नाही. फळ्यासमोर उभी असतानाही मनात येतं, आत्ता घरी आई बोलत असेल ना?

परवा रुद्राणी शेजारणीबद्दल काहीतरी सांगता सांगता मध्येच थांबली. सौंदर्याच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"आई, बोल की."

रुद्राणी भिंतीकडं बघत होती. ओठ हलले, आवाज आला नाही.

"आई."

"थांब," ती शेवटी म्हणाली. "शोधतोय."