विहिरीच्या कठड्याला लावलेला चिरा

बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षण वर्गात मी बालआरोग्य आणि सुरक्षितता हा विषय शिकवते. विषय सोपा आहे, मुली हुशार आहेत, आणि तरीही दरवर्षी एकदा तरी नोकरी सोडून द्यावीशी वाटते. भाजल्यावर काय करायचं असं विचारलं की सगळ्या एका सुरात सांगतात, भाजलेला भाग वाहत्या पाण्याखाली धरायचा. त्यांच्यातल्याच एकीच्या हातावर मधल्या सुट्टीत चहा सांडला, तेव्हा दोघी टूथपेस्ट शोधायला धावल्या.

"बाई, ते परीक्षेतलं उत्तर," एक म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

म्हणून यंदा पुस्तक बाजूला ठेवलं. त्यात गॅलरी आहे, लिफ्ट आहे, रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधलं काही नाही. मीच एक फॉर्म तयार केला. आपापल्या घरात फिरून बघायचं: विळी कुठे ठेवता, आंब्याच्या कलमांवर फवारायचं औषध कशात ठेवता, विहिरीला कठडा आहे का. ज्यांच्याकडे विहीर होती त्या सगळ्यांनी 'आहे' लिहिलं. एकीने पुढे 'कंबरेच्या वर' असंही लिहिलं होतं. इतकं सुरक्षित कोकण मला कुठे दिसलेलं नाही. तिच्या घरात दीड वर्षाचा मुलगा होता. पाऊस सरल्यावर एका शनिवारी एसटीने हातखंब्यापर्यंत आणि पुढे रिक्षाने मी तिच्याकडे गेले.

विहीर मागच्या अंगणात. कठडा खरंच उंच होता. तिचा नवरा मुंबईला कामाला असतो. मूल रांगायला लागलं तेव्हा सुट्टी काढून येऊन त्याने कठडा दोन थरांनी वाढवून घेतला होता. आणि कठड्याला लागून, बाहेरच्या बाजूने, एक जांभ्या दगडाचा चिरा आडवा टाकलेला होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

उत्तर तिच्या सासूबाईंनी दिलं. बाई ठेंगण्या, हातात पोहऱ्याचा दोर. "त्यानं कठडा वाढवलान आणि गेला. पाणी काय तो मुंबईतनं काढणार? माझा हात पोचायला नको?"

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मुलगा गुडघे टेकून त्या चिऱ्यावर चढला. उभा राहिला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. त्याची हनुवटी कठड्याच्या काठाला लागत होती. आणखी वर्षभरात तिथे छाती लागली असती.

मी त्याला खाली घेतलं. तो रडायला लागला.

"त्याला मासे बघायचे असतात," माझी विद्यार्थिनी म्हणाली. डास होऊ नयेत म्हणून विहिरीत बारके मासे सोडलेले होते. पावसाने पाणी वर आलेलं, मासे स्पष्ट दिसत. आजी रोज संध्याकाळी नातवाला उचलून ते दाखवायची, आणि मग तो शहाण्यासारखा जेवायचा.

"तुला हा चिरा दिसला नाही?"

"दिसला की, बाई."

"मग लिहिला का नाहीस?"

"चिऱ्याचा रकाना नव्हता."

फॉर्म माझाच होता.

चिरा काढा, मी म्हटलं. "आणि मी काय उडी मारू?" सासूबाई म्हणाल्या. विद्यार्थिनीचं माहेर मासेमारीतलं. ती हळूच म्हणाली, बाबांकडून जुनं जाळं आणून वरून ताणून बांधू. सासूबाईंनी हातांनी गोल करून दाखवला: पोहरा जायला एवढं भोक ठेवावं लागेल. मी मुलाकडे बघितलं. तो त्या भोकातून आरामात गेला असता. मग लोखंडी झाकण करा. ते दिवसातून पंधरा वेळा उघडझाप कोण करणार? सासूबाईंकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि वाईट म्हणजे प्रत्येक उत्तर बरोबर होतं.

"आमची चार पोरं याच बावीवर वाढली," त्या म्हणाल्या.

"तेव्हा कठड्याला पायरी होती का?"

त्या दोर हातावर गुंडाळू लागल्या. सुनेने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आई, चिरा मी काढते. पाणीपण मीच काढीन."

"आणि वर्गाला कोण जाईल?"

"सकाळी दिवसभराचं भरून ठेवून जाईन. संपलं तर मी येईपर्यंत थांबायचं."

"काय गो, आता तू मला सांगणार?"

"हो," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण हो म्हणाली.

मला तिथेच थांबता आलं असतं. पण भरून ठेवणार कशात, हे विचारल्यावर ती म्हणाली, बादल्यांत. भरलेल्या बादलीतही मूल बुडतं, हे मी तिला त्याच महिन्यात दोनदा शिकवलेलं. झाकणाचं पिंप घे, मी म्हटलं, आणि झाकण घट्ट बसणारं.

"या बाईंना घरात पाणीच नको आहे," सासूबाई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या.

चिरा आम्ही दोघींनी ढकलत गोठ्यापाशी नेला. माझी पाठ चार दिवस धरली होती. मुलगा त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहिला, कठड्यावर हात आपटले आणि मोठ्याने रडू लागला. सासूबाईंनी सवयीने त्याला उचलायला हात पुढे केले.

"आई, मासे नाही दाखवायचे," सून म्हणाली. आता आवाज कापत नव्हता.

सासूबाईंनी त्याला कडेवर घेतलं, विहिरीकडे पाठ केली आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या. "गाय दाखवली तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. "मागच्या पायांकडे नेऊ नका."