काकू, स्लॅब आणि गोदाबाई

मरणाचे भय जिंकलेली माणसे जगात फार थोडी असतात. त्यांतली एक मला लातुरात घरमालकीण म्हणून लाभली. काकूंना मरणाची भीती नव्हती. त्यांना स्लॅबची भीती होती.

भूकंप होऊन तीन-चार वर्षे झाली होती. लातुरातली बहुतेक माणसे पुन्हा घरात झोपू लागली होती. झोपायचे घरात, पण दाराची कडी लावायची नाही, इतपत तडजोड झाली होती. काकूंनी तडजोड केली नाही. दुमजली, पक्क्या घराच्या त्या मालकीण होत्या आणि अंगणात चार पत्रे टाकून त्यांखाली राहत होत्या. स्टोव्ह, देव, रेडिओ, खाट, सगळे पत्र्याखाली. घरात काही काम निघाले तर त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हाक मारत. "पत्रा पडला तर टेंगूळ येतं, स्लॅब पडला तर दिवस घालावे लागतात," एवढे त्यांचे स्थापत्यशास्त्र होते.

मी मूळची नांदेडची. तेव्हा लातुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. काकूंच्या घरात बारावीच्या मुली राहत, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला वरच्या खोलीत मी. एकदा मी विचारले, "काकू, स्लॅब एवढा वाईट, तर आम्हाला त्याच्याखाली कशाला ठेवता?" काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्या पोरी रात्री झोपतात कुठं, मॅडम? अभ्यासच करून राहिल्यात. जागं माणूस पळतंय."

मुली ज्या क्लासला जात, त्याच्या संचालकांनी हे ऐकले असते तर भिंतीवर रंगवून घेतले असते. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. लातूर त्या वर्षांत गुणवत्ता यादी पिकवणारे गाव झाले होते आणि पीक आपलेच आहे असे सरांचे म्हणणे होते. चौकाचौकात त्यांचे फलक होते. फलकावर सर क्षितिजाकडे पाहत असत. गावात क्षितिज दिसेल अशी जागा मात्र उरली नव्हती, कारण तिथे फलक होते.

काकूंच्या आवारात उंदीर मारायला बंदी होती. शेजारणी हसत. मीही हसले, तेव्हा काकूंनी कारण सांगितले. सांगितले एकदाच, लोणच्याची कृती सांगावी त्या आवाजात. त्यांचे माहेर औशाच्या पलीकडे. भूकंपाच्या थोडे दिवस आधी भाऊ ज्वारीचे पोते टाकायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, आक्का, यंदा घरातले सगळे उंदीर निघून गेले, औषधसुद्धा घालावे लागले नाही. दोघांनाही बरे वाटले. "मी खुशीत त्याच्या च्यात साखर जास्त घातली," काकू म्हणाल्या. त्यानंतर तो भाऊ राहिला नाही, ते घर राहिले नाही, आणि ते गावही पहिल्या जागी राहिले नाही.

माझे वाचन दांडगे होते. जनावरांना भूकंप आधी कळतो याला शास्त्रात ठोस पुरावा नाही, असे मी त्यांना समजावून सांगितले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शास्त्राचं कुठं घर पडलं?"

अशा घरात वैशालीने पांढरा उंदीर आणला. वैशाली किनवटकडची, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली, बोलायला कमी आणि करायला पुढे. तिचा मामेभाऊ एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकत होता. प्रात्यक्षिकात चिरायला आणलेल्या उंदरांपैकी एक उरला, तो तिने जेवणाच्या डब्यात घालून आणला. डबा उघडला तेव्हा बाकीच्या मुली खाटांवर चढल्या. वैशाली म्हणाली, "मादी आहे. काकू, ठेवू का?"

ज्या बाईने मांजर चालू दिले नव्हते, पाहुणी चालू दिली नव्हती, त्या बाईने माळ्यावरचा पोपटाचा पिंजरा काढायला लावला. माळा घरात होता, म्हणून काढायला मी चढले. मादीचे नाव गोदाबाई पडले. पिंजरा पत्र्याखाली, काकूंच्या उशाशी.

पंधरवड्यात गोदाबाई रुंद झाली. वैशालीचे म्हणणे, पोटुशी आहे. महाविद्यालयात नर-मादी एकाच पिंजऱ्यात होते. माझे म्हणणे, शेंगदाणे अंगी लागलेत. काकूंनी तिला पिंजऱ्यात दोन फेऱ्या मारताना पाहिले आणि म्हणाल्या, "दोन्ही असंल. माझ्या टायमाला दोन्हीच होतं." मी चुकून 'गाभण' शब्द वापरला तर त्यांनी मला दुरुस्त केले. "गाभण म्हशी असतात. गोदा पोटुशी हाय."

मग तिचे लाड सुरू झाले. तिखट बंद. भाकरी दुधात कुस्करून. पिंजऱ्यावर दुपारी ओले पोते. शेपटीला धरून उचलायचे नाही, उचलायचेच नाही. तिच्यासमोर पेपरांविषयी बोलायचे नाही, "बाई धसका घेती." डिंकाच्या लाडवाचा तुकडा दिला तेव्हा वैशाली म्हणाली, "काकू, डिंक नंतर देतात, बाळंतपण झाल्यावर." काकू म्हणाल्या, "आधी दिलेला काय वाया जातो? पोटातच ऱ्हातो." आणि मग, पोते सारखे करत, "पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं लागतं. हिचं माहेर कत्तलखाना. माझं बी ऱ्हायलं न्हाई. दोघींचं इथंच करू."

बायोलॉजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी गोदाबाईने खाणे सोडले. कोपरा उकरू लागली. खाली अंथरलेला कागद फाडला, पोत्याचे धागे ओढून आत घेतले, पुन्हा बाहेर टाकले, तारांना नाक लावून गोल गोल फिरू लागली. वैशाली पुस्तक घेऊनच खाली आली आणि खुशीत म्हणाली, "काकू, घरटं करून राहिली. आज नाहीतर उद्या होईल."

काकू खुश झाल्या नाहीत. त्या पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसून बराच वेळ बघत होत्या. "घरटं करून राहिली का बाहेर निघायला बघून राहिली?" त्यांनी विचारले. वैशाली पुस्तकाची पाने उलटू लागली. या प्रश्नावर माझेही वाचन नव्हते. काकू उठल्या. "गाद्या काढा," म्हणाल्या. "सगळ्यांच्या. अंगणात."

संध्याकाळी सर आले. परीक्षेच्या आदल्या दिवशी घरोघर जाऊन ते मुलींना शेवटच्या सूचना देत. अंगणभर गाद्या आणि गाद्यांवर बायोलॉजी पाहून ते थांबले.

"काकू, हे काय?"

"भूकंप येतोय बहुतेक."

"कोण म्हणालं?"

काकूंनी पिंजऱ्याकडे बोट केले. सरांनी वाकून पाहिले. गोदाबाईने त्यांच्याकडे पाठ केली.

"सर, ती प्रेग्नंट आहे," वैशाली म्हणाली.

"मग भूकंपाचा काय संबंध?"

"ते कळंना गेलंय," काकू म्हणाल्या, "म्हणून तर गाद्या काढल्या. बाळंतपण असलं तर गाद्या उद्या आत नेता येतात."

सरांनी आवाज लावला. ह्या शास्त्राच्या विद्यार्थिनी आहेत. उद्याच्या पेपरवर त्यांचे मेडिकल आहे. थंडीवारा, डास, झोपमोड. एखादीचे गुण गेले तर पालक कुणाला विचारतील? असे चालणार असेल तर मुलींना दुसरीकडे हलवावे लागेल, आणि पुढच्या वर्षी या घरात एकही मुलगी येणार नाही, हे काकूंनी लक्षात घ्यावे.

हे बोलणे पोकळ नव्हते. मुली येणे बंद झाले तर काकूंना त्या पत्र्याखाली एकटीनेच राहावे लागले असते.

"हलवा," काकू म्हणाल्या. "पण उद्या हलवा. आज भिताडाखाली कुणी जायचं न्हाई." मग आवाज न चढवता, "सर, माझ्या भावाला त्या राती कुणी बाहेर काढलं असतं, तर त्याची बी झोपमोडच झाली असती. तेवढंच झालं असतं."

मुली पुस्तकांत बघत राहिल्या. सर बाहेर गेले, गॅलरीखाली लावलेली स्कूटर ढकलत रस्त्याच्या पलीकडे नेली, परत आले आणि एका गादीच्या कडेला बसून त्यांनी शेवटच्या सूचना दिल्या. नेहमीपेक्षा त्या थोडक्यात आटोपल्या. मीही माझी गादी खाली आणली. एकटीने स्लॅबखाली झोपणे शिष्टपणाचे दिसले असते.

सकाळी काकूंनी हाका मारल्या, "उठा, झालं." काय झाले हे कळेपर्यंत अर्ध्या मुली फाटकापाशी पोचल्या होत्या. पिंजऱ्यात, फाडलेल्या कागदात, सोललेल्या शेंगदाण्यांसारखी गुलाबी पिल्ले वळवळत होती. वैशाली मोजायला वाकली. काकूंनी तिला मागे ओढले. "मोजू नये. दृष्ट लागती. जा, पेपर लिही." प्रत्येकीच्या हातावर दही-साखर पडली, आणि एक चिमूट पिंजऱ्यातही गेली.

मुली गेल्यावर मी म्हणाले, "भूकंप काही आला नाही, काकू."

"मग वाईट वाटून राहिलं का तुम्हाला?" त्यांनी विचारले, आणि माझी गादी आत नेऊन टाकायला सांगितली.

सरांनी मुली हलवल्या नाहीत. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या माहितीपत्रकात 'मोकळ्या हवेत अध्ययन' असे एक कलम आले. वैशालीला मेडिकल लागले नाही, ती बी.एस्सी. झाली आणि किनवटला शिकवते. पिल्ले मोठी झाल्यावर तिच्या मामेभावाने परत मागितली होती. काकूंनी त्याला चहा पाजून रिकामा पाठवला.

माझी बदली नांदेडला झाली तेव्हा काकूंनी ओटी भरली आणि एक सल्ला दिला, "घर घेताना आतलं काय बी बघू नका. बाहेर निघायला वाट किती हाय, ते बघा." पुढे काही वर्षांनी त्या गेल्या. दुपारी, झोपेत, म्हातारपणाने. मी गेले तेव्हा पत्रे अजून तसेच होते आणि परगावी राहणारा त्यांचा मुलगा मला सांगत होता की आईला शेवटी शेवटी काही कळत नव्हते. मी मान हलवली. घर मी तळमजल्यावरच घेतले होते आणि त्याला दोन दारे होती, हे मात्र त्याला सांगितले नाही.

अलीकडे नांदेडला मधूनच जमिनीखालून आवाज येतात. तज्ज्ञ येतात, यंत्रे लावतात, घाबरण्याचे कारण नाही म्हणतात. माझाही शास्त्रावर विश्वास आहे. पहिला आवाज झाला त्या आठवड्यात मी जाऊन एक पांढरा उंदीर विकत आणला. दुकानदार म्हणाला, मादी न्या, लवकर माणसाळते. मी नर मागितला आणि नीट बघून द्यायला सांगितले. तो कधी अस्वस्थ झालाच, तर कारण एकच उरले पाहिजे.

तो दिवसभर झोपतो.