अक्काची चार मिनिटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तसं मोठं काही नाहीच – चार मिनिटांचा तर मामला. तरी इतकी वर्षं तोंडातून निघालं नाही, ते का?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात, शिवाजीनगरला, आमच्या कापडदुकानाच्या माडीवर आम्ही राहायचो. नवरा गेल्यावर अक्का – माझी थोरली बहीण – आमच्याकडेच आली होती. लग्नाआधी ती रेडिओवर एकदाच गायली होती. आवाजाची चाचणी दोघींनी दिली होती. ती पास झाली, मी नापास. पण ध्वनिमुद्रण झालं आणि महिन्याभरात ती सासरी गेली. तिथं रेडिओ नव्हता. स्वतःचं गाणं तिनं कधी ऐकलंच नाही.

त्या वर्षी गुरुवारी दुपारी रेडिओवर अडगळीतल्या जुन्या फिती लावायला लागले. जलतरंग, कुणाचं क्लॅरिनेट, कन्नड भावगीतं, मध्येच एखादा मराठी अभंग – कशाला काही धरबंध नाही. पुढं काय लागणार ते सांगत नसत, आणि एकदा लागलेली फीत पुन्हा लागत नसे. अक्का टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घालून, रेकॉर्डचं बटण दाबून, पॉजवर बोट ठेवून बसायची. दर गुरुवारी.

एका गुरुवारी रॉकेलची गाडी आली. अक्का कॅन घेऊन रांगेत गेली. जाताना म्हणाली, "स्वल्प लक्ष ठेव गं. माझं नाव आलं की पॉज काढ, बस."

आणि नाव आलं.

बावीस वर्षांची अक्का गात होती. मला वाटलं होतं, असेल आपलं बरं – पण ते सुंदर होतं. इतकं सुंदर, की मला राग आला. हो, रागच. पॉजवर माझंच बोट होतं. विसरले नव्हते, गोंधळलेही नव्हते. गाणं संपेपर्यंत बोट तसंच ठेवलं.

ती धापा टाकत वर आली. "आलं का गं?"

"नाही गं, अक्का."

"सरी, असू दे," म्हणाली, आणि कॅन मोरीत ठेवायला गेली.

त्यानंतर वर्षभर ती दर गुरुवारी बसली. मी समोर बसून चहा प्यायचे. तेव्हा सांगता आलं असतं? रोज आलं असतं.

मग एका गुरुवारी तिनं कॅसेट बाहेर काढली आणि माझ्या मुलीला देऊन टाकली – तुझ्या शाळेतलं काहीतरी भर म्हणून. माझ्याकडे वळून म्हणाली, "जुन्यातलं चांगलं तेवढंच लावत असतील ते. मी वाईटच गायले असेन, नाही का गं?"

मी तांदूळ निवडत होते. चांगली होतीस, एवढंच म्हणायचं होतं. अक्का आता नाही, पण ती उभी होती तशी अजून दिसते – उत्तराची वाट बघत.

मी वर न बघता म्हणाले, "असेल."