कोट बघून चालणारं मशीन

ऊस गाळला की चिपाडं उरतात, तसे नोकरी संपली की किस्से उरतात. आमच्या कॉम्प्युटर सेक्शनचे तर ढीग लागलेत. सत्तरचं दशक संपत आलेलं, सांगलीच्या बाजूचा साखर कारखाना आणि त्यात कपाटाएवढा कॉम्प्युटर! आष्ट्या-पलूसहून माणसं बघायला यायची आणि ह्यात चित्रं दिसत नाहीत म्हटल्यावर चहा पिऊन परत जायची.

*

एका वर्षी मशीनची मेमरी वाढवायचं ठरलं. नवं कपाट आलं, त्याच्यासाठी मोठा एसी आला आणि तेव्हापासून मशीन मधेच बंद पडायला लागलं. केव्हा पडेल याचा नेम नाही. आम्ही विजेला दोष दिला, वायरमननं उंदराला दिला. स्टॅबिलायझर बदलला, पिंजरा लावला. उंदीर सापडलासुद्धा! वायरमनचा सत्कार व्हायचा तेवढा बाकी होता, तोवर मशीन परत बंद.

शेवटी चेअरमन तात्यांनी सांगून टाकलं, हंगाम सुरू व्हायच्या आत हे थांबलं नाही तर सेक्शन बंद आणि ऑपरेटर परत काट्यावर.

ऑपरेटर म्हणजे बिरू. म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला बी.कॉम. आधी तो ऊस तोलायच्या काट्यावर क्लार्क होता. कॉम्प्युटरवर आला आणि त्याचं लग्न ठरलं. मुलीच्या वडिलांनी होकार दिला होता तो कॉम्प्युटरवाल्याला. काट्यावरच्या क्लार्कला त्यांनीच आदल्या वर्षी नाही म्हटलं होतं. बिरूची झोप उडाली.

*

पुण्याहून कंपनीचे इंजिनिअर दातार आले. दोन दिवस मशीनसमोर ठाण मांडून बसले, मशीन एकदाही अडलं नाही. ते परत निघाले, त्यांची एसटी साताऱ्याला पोचलीही नसेल, तोवर मशीन बंद! पुढच्या खेपेलाही तेच.

"पावनं आलं की पोरं कशी गप बसत्यात, तसं हाय ह्येचं," बिरू म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही.

*

तात्या म्हणाले, मग दातारांचा कोट ठेवून घ्या. दातारांना ती चेष्टा वाटली, पण तात्यांनी खरंच कोट मागून घेतला आणि बिरूच्या खुर्चीला अडकवला. काय सांगायचं, सकाळभर मशीन सुरळीत चाललं! येता-जाता लोक कोटाला नमस्कार करू लागले. दुपारी ते बंद पडलं, तेव्हा कोट धुवायला टाकावा का, यावर अकाउंट्समध्ये गंभीर चर्चा झाली.

*

तिसऱ्या खेपेला दातार न कळवताच आले. दार ढकलून बघतात तर बिरू खुर्चीत घोंगडं पसरून त्यातच गुरफटून बसलेला. त्या एसीत मेंढरंही काकडली असती. गडबडीनं तो उठला, कपाटाला हात लागला, 'चट्' झालं आणि मशीन बंद.

दातारांनी स्वतः घोंगड्यावर बसून, उठून कपाटाला हात लावून पाहिला. परत चट्! कोरड्या गार हवेत लोकर घासली की अंगात वीज साठते आणि नव्या कपाटाला तेवढाही झटका सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग हे घोंगडं आपल्याला आधी कसं दिसलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"पुण्याचं सायेब येनार म्हटल्यावर घडी घालून ठिवायचो," बिरू म्हणाला. "बरं दिसत न्हाई."

कोट अडकवला त्या दिवशी सकाळी त्याला जागा करायला बिरूनं घोंगडंच काढलं होतं आणि दुपारी थंडी सोसेना म्हणून परत पसरलं होतं.

*

तात्यांना हे पटेना. दुसऱ्या दिवशी येतो, करून दाखवा म्हणाले. म्हणजे बिरूनंच बसायचं, बिरूनंच हात लावायचा आणि मशीन बंद पडलं की दोषही बिरूचाच. आपल्या हातानं आपलं लग्न मोडायचं. खिडकीच्या गजाला आधी हात लावला तर वीज उतरून जाते, काहीच होत नाही, हे दातारांनी आम्हाला समजावलं होतं. गज त्याच्या हाताशीच होता. मला वाटलं, लावेल. मनातून मला तेच हवं होतं.

बिरू घोंगड्यावर बसला, उठला आणि त्यानं सरळ कपाटाला हात लावला. मशीन बंद.

तात्या उपरणं कानांवर घेऊन उभे होते.

"एवढं गार कशापायी केलंय हितं?"

"मशीन तापतं, तात्या," दातार म्हणाले.

"मशीन तापतंय म्हनून एसी आणलासा. पोरगं गारठतंय, त्येला काय आणलं?"

तात्यांनी बिरूला बाहेर उन्हात जाऊन बसायला सांगितलं, घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि दातारांना त्याच्या खुर्चीत बसवलं.

"दिसभर बसा. आनि सांच्याला मला सांगा, काट्यावर कुनाला धाडायचं."

दातार बसले. जेवणाच्या सुट्टीआधीच ते उठले आणि कुणाकडंही न बघता त्यांनी एसीची कळ मागं फिरवली.