बदकांची बंदूक

माझी सून बंदूक चालवते. इथे अमेरिकेत आमच्या मंडळाच्या गणपतीत मी हे बायकांना सांगितलं, तर एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, सगळं ठीक आहे, फक्त तिचा अंगठा काळानिळा झालाय.

सुरुवात ऑफिसमुळे झाली. तिथल्या लोकांनी तिला मजा म्हणून एकदा रेंजवर नेलं. रेंज म्हणजे गावाबाहेरचं नेमबाजीचं मैदान. हवेत उडवलेली मातीची थाळी तिने पहिल्याच दिवशी फोडली आणि हसत घरी आली. ही बाई एरवी दिवसभर कॉम्प्युटरसमोर सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करत, दुसऱ्यांच्या चुका शोधत बसून संध्याकाळी माझ्या भाजीकडेसुद्धा रागाने बघायची. म्हणून मी काही बोलले नाही.

पुढे तिला तिथल्या एका स्पर्धेचं वेड लागलं. त्यात एकाच माणसाने रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तीन बंदुका घेऊन धावायचं, लोखंडी पाट्या पाडायच्या आणि घड्याळाशी शर्यत करायची. रायफल आणि पिस्तूल शेजारचा म्हातारा त्या दिवसापुरतं देणार होता. शॉटगन मात्र स्वतःची हवी. स्पर्धेसाठी मुद्दाम बनवलेल्या शॉटगनची किंमत ऐकून मी समजले की मोटारीची सांगतायत. मग त्याच म्हाताऱ्याने आपली जुनी बंदूक काढली. त्या बंदुकीने तो बदकं मारायचा. आता गुडघे गेले, पाणथळीत उभं राहवत नाही, म्हणून त्याने ती स्वस्तात दिली.

माझ्या मुलाला ती घरात नको होती. तो बंदुकीला घाबरतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोघांची आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी जेवताना तो म्हणाला, "एक मॅच खेळ. लास्ट आलीस तर विकायची. परत विषय नाही."

"डन," सून म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

मग ती बंदूक सुधारायला लागली. आमच्या गराजमध्ये म्हातारा स्टुलावर बसून सांगायचा आणि ही करायची. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण हात काय करतायत ते दिसतं. बदकांच्या बंदुकीत तीनच काडतुसं मावावीत असा इथला कायदा, म्हणून काडतुसांच्या नळीत एक लाकडी दांडी घातलेली असते. ती आधी काढायची होती. म्हाताऱ्याने टोपण हळू फिरव म्हणून सांगितलं. हिने आपल्या स्वभावाप्रमाणे फिरवलं. आतली लांबलचक स्प्रिंग सुटली आणि दारातून स्वयंपाकघरात येऊन माझ्या कणकेच्या परातीत पडली. मी ती धुऊन परत दिली. कणीक टाकली नाही, वरचा थर काढला.

दांडीच्या जागी लांब जोडनळी बसली, म्हणजे काडतुसं जास्त मावू लागली. काडतूस आत ढकलतात त्या खाचेची कड धारदार होती, तिथे अंगठा सापडायचा. ती कड हिने कानशीने रोज थोडी थोडी घासून गोल केली. खांद्याला टेकवायचा दस्ता तिच्या हाताला लांब पडत होता, तो म्हाताऱ्याने करवतीने कापला. बदकं मारणारा सहा फुटी माणूस आणि माझी सून यांत तेवढा फरक होताच. पट्ट्याला लावायच्या काडतुसांच्या पिशव्या मी शिवल्या, जुन्या जीन्सच्या पायाच्या. पहिली पिशवी फार घट्ट झाली, त्यातून काडतूस निघेना. ती उसवून परत शिवली.

खरा सराव काडतुसं भरण्याचा. मैदानात बंदूक रिकामी झाली की धावता धावता भरावी लागते, आणि वेळ तिथेच जातो. खरी काडतुसं घरात आणायची नाहीत, ती गराजमध्ये कुलपात. घरात प्लास्टिकची खोटी, नारिंगी रंगाची. संध्याकाळी मी कुकर लावायचे आणि ही ओट्याशी उभी राहून बंदूक भरायची, काढायची, परत भरायची. शिट्टी होईपर्यंत किती भरली ते मोजायची. पटाईत माणसं चार-चार एकदम भरतात म्हणे. ही दोन-दोन भरायची. काडतूस हातातून सटकून फ्रिजखाली गेलं की मी झाडूने काढून द्यायचे. मुलगा दारात येऊन बघायचा आणि "भात झाला का?" एवढंच विचारून जायचा.

मॅचच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. विळी, कात्री, मुलाचा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडतो. पूजा मुलगाच करतो, त्याला आवडते. मी सुनेला बंदूकही आणून ठेवायला सांगितली. सराव नसेल तेव्हा तिच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून कुलपाची तार ओवलेली असायची. म्हणजे ती बंद होत नाही आणि रिकामी आहे हे लांबून दिसतं.

मुलगा म्हणाला, "आई, हिची कशाला पूजा? उद्या विकायचीय."

मी म्हटलं, "विकायची असली तरी आज घरात आहे ना. सासरे आवडत नाहीत म्हणून त्यांना पाटावर बसवत नाहीस का?"

सून वर मीटिंगमध्ये होती, नाहीतर हे ऐकायला तिला आवडलं असतं. त्याने विळीला हळद-कुंकू नीट लावलं, लॅपटॉपला फूल वाहिलं, आणि बंदुकीवर हातभर लांबून मूठभर अक्षता फेकल्या, सापाला दूध ठेवून मागे सरकावं तसा. मीच त्या अक्षता कुंकवात जरा ओल्या कालवल्या होत्या.

सकाळी आम्ही तिघं आणि म्हातारा मैदानावर गेलो. थंडी चांगली होती, उन्हं स्वच्छ. आवाज लागू नये म्हणून आमच्या कानांवर मोठे गोळे बसवले. सून पहिल्या दोन फेऱ्या, त्यांना तिथे स्टेज म्हणतात, रायफल आणि पिस्तुलाने नीट खेळली. फार जोरात नाही, पण पाट्या पडत होत्या. मी खुर्चीवर बसून थालीपीठ खात होते. तिसरी फेरी शॉटगनची. भोंगा वाजला, ही धावली, पाट्या धडाधड पाडल्या, दोन-दोन काडतुसं भरली, परत पाडल्या. माझं खाणं थांबलं. आणि मग बंदूकच थांबली. काडतूस वर येईना. हिने नळी समोर ठेवूनच ती हलवली, ठोकली. घड्याळ संपलं, निम्म्या पाट्या उभ्याच.

मैदानाचा पंच, एक दाढीवाला गडी, तिच्याजवळ उभा राहिला. तिने बंदूक रिकामी करून त्याला दाखवली, तेव्हा खालच्या खाचेतून लाल दाणे गळले. त्याने एक दाणा उचलून विचारलं, हे काय? सुनेनं बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. राइस, म्हणाली. बंदुकीत राइस कुठून आला, त्याने विचारलं. माझ्या नवऱ्याने काल हिची प्रार्थना केली, ती म्हणाली. दाढीवाला ते वाक्य समजून घेत तसाच उभा राहिला.

माझा मुलगा तोवर बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपर्यंत पोचला होता. पंचाला सांगू लागला की चूक माझी आहे, तिची नाही, तिला पुन्हा संधी द्या. पंच शांतपणे म्हणाला, बंदूक तुमची, बिघाडही तुमचा. मुलगा ऐकेना. आमच्या सणाबद्दल सांगायला लागला. थेट रामायणापर्यंत गेला.

तेव्हा सून म्हणाली, "तू गप्प बस रे. माझी गन, माझी स्टेज. हे साफ करायला चल."

बंदूक उघडायला तिथे एक वेगळं टेबल असतं, इतर कुठे उघडली तर घरी पाठवतात. पंच त्यांना तिथवर सोडून आला. म्हाताऱ्याने आतला भाग बाहेर काढला. वाळलेल्या कुंकवाने दाणे लोखंडाला चिकटले होते. मी माझ्या अंबाड्याची पिन दिली. मुलाने चष्मा कपाळावर चढवला, बंदूक पहिल्यांदाच हातात धरली आणि एक एक दाणा टोकरून काढला. म्हातारा त्याला कुठे टोकर ते बोटाने दाखवत होता आणि इतका हसत होता की त्यालाच स्टूल द्यावं लागलं.

शेवटच्या फेरीत तीनही बंदुका होत्या. तिने एकही पाटी सोडली नाही. शेवटची पडली तेव्हा मुलाने जी आरोळी ठोकली ती मी त्याच्या लग्नातही ऐकली नव्हती.

निकाल फोनवर आला. सून खालून दुसरी. सगळ्यात खाली एक गडी होता, महागड्या बंदुकीवाला. सकाळी वळताना त्याची नळी मागे, लोकांकडे फिरली म्हणून त्याला बाद करून घरी पाठवलं होतं. त्याच्या नावापुढे शून्य.

गाडीत बसल्यावर भांडण सुरू झालं, आणि उलटं सुरू झालं.

"तो मोजायचा नसतो," सून म्हणाली. "तो खेळलाच नाही. म्हणजे मी लास्ट. विकू या."

"यादीत आहे ना तो? तुझ्या खाली आहे ना? मग लास्ट तो."

"अरे, चीटिंग आहे ही."

"तुझं टेस्टिंगचं डोकं घरी ठेव. रूल मी केलाय, मीच सांगणार."

मागे म्हातारा काय चाललंय म्हणून मला खुणेने विचारत होता. मी त्याला थालीपीठ दिलं. ही दोघं सिग्नलला थांबली तरी थांबेनात. ती हट्टाने हरायला बघत होती आणि तो तिला हरू देत नव्हता. शेवटी दोघांनी एकदम विचारलं, "आई, तुम्ही सांगा," "आई, तू सांग."

मी म्हटलं, "विकायचं कुणी काढलं होतं? याने. मग यानेच फोन करून गिऱ्हाईक शोधावं. कर आत्ता."

त्याने फोन काढला नाही. गाडी चालवत होता म्हणून, असं तो अजून म्हणतो.

पुढच्या शनिवारी तो एक लोखंडी कपाट घेऊन आला, किल्लीचं. गराजच्या भिंतीला स्वतः ठोकून बसवलं. सुनेनं दार उघडून बघितलं. आत बंदुका उभ्या करायला दोन खाचा होत्या.

"दुसरी कुणाची?" तिने विचारलं.

तो तोंडात स्क्रू धरून होता. बोलता येत नाही अशी खूण केली आणि काम करत राहिला.